पडद्यावरचे हात

नाशिकच्या ज्या महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवते, तिथे काही वर्षं माझ्याकडे आणखी एक काम होतं. 'अध्यापन साधने व संधी कक्ष' असं त्याचं भारदस्त नाव. कक्ष म्हणजे मी, एक कपाट आणि एक ईमेल खातं. दर सोमवारी सकाळी मी सगळ्या प्राध्यापकांना एक पत्र पाठवायचे. संशोधनासाठी कुठे निधी मिळतोय, कुठली कार्यशाळा कधी आहे, परिषदेला जायला प्रवासखर्च कोण देतं, वर्गात दाखवायला चांगली चित्रं कुठे मिळतील, असं सगळं त्यात असायचं. तेच मग व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकायचे. खाली जोडलेल्या हातांची चित्रं यायची, आणि मुदत उलटून गेल्यावर कुणीतरी फोन करून विचारायचं, "मॅडम, ते अर्जाचं काय होतं हो?"

ते पत्र शेवटपर्यंत वाचणारं एकच माणूस मला ठाऊक होतं. ती आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवायची. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्यांचं मानधन, सुट्टीत काही नाही आणि दर वर्षी नव्याने मुलाखत. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान होती. माहेर चांदवडकडच्या एका खेड्यातलं, सासर पिंपळगाव बसवंतला. नवरा द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर होता. ती रोज बसने यायची आणि सोमवारी आली की पर्स ठेवायच्या आधी विचारायची, "मॅडम, त्या दुसऱ्या योजनेत मी बसते का?"

बहुतेक वेळा ती बसत नसे. नियमित पदावर असणं, इतकी वर्षं सेवा झालेली असणं, संस्थेने नाव पाठवणं, अशी काही ना काही अट आड यायची. मी चष्मा लावून पुन्हा एकदा नियम वाचायचे आणि मान हलवायचे. ती म्हणायची, "असू द्या," आणि प्रात्यक्षिकाची तयारी करायला प्रयोगशाळेत जायची.

प्रयोगशाळेत मात्र तिच्यावाचून माझं चालत नव्हतं. आमच्या विषयात खोडाचा, मुळाचा, पानाचा अगदी पातळ काप घ्यावा लागतो. एका हातात खोडाचा तुकडा, दुसऱ्या हातात वस्तऱ्याचं पातं. काप असा हवा की सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर पेशींच्या भिंतींमधून उजेड आला पाहिजे. उभी हयात मी हे मुलांना शिकवलं. पण पन्नाशी ओलांडल्यावर माझ्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखा आजार नाही, आमच्या घराण्यात तो असावा. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी घरी बरं वाटायचं. पण कुणी बघत असलं की हात जास्तच थरथरायचा आणि शिकवणाऱ्याकडे तर सगळे बघतच असतात. एकदा प्रात्यक्षिकात मी पुटपुटले, "आज हात फार कापतोय." ते ऐकून पुढच्या बाकावरची मुलगी पळत जाऊन पट्टी आणि कापूस घेऊन आली. पात्याने कापलं असं तिला वाटलं. मी हसले आणि पट्टी बांधून घेतली. न लागलेल्या बोटावर ती पट्टी दिवसभर तशीच होती.

त्या दिवसापासून काप दाखवायचं काम तिनेच घेतलं. ती कापायची, मी शेजारी उभी राहून बोलायचे. ठरवून काही झालं नाही. तिने माझ्या हातातून पातं घेतलं, एवढंच.

मग एका सोमवारच्या पत्रात अशी योजना आली की तिच्यात नियमित पदाची अट नव्हती. महाविद्यालयात शिकवणाऱ्या कुणीही अर्ज करावा, प्रात्यक्षिकांचे व्हिडिओ तयार करावेत, ते सर्वांना मोफत उपलब्ध करून द्यावेत. ते नियम मी दोनदा वाचले आणि तिला स्टाफरूममधून बोलावून घेतलं. अर्ज आम्ही दोघींनी मिळून लिहिला. पुस्तकात असतात ती सूर्यफुलाची आणि मक्याची खोडं तर घ्यायचीच, पण मुलांच्या अंगणातलंही काही घ्यायचं, ही कल्पना तिची. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांच्या घरी द्राक्षबाग असते. वेलीवर केवडा रोग पडला की वडिलांची झोप उडते हे त्यांना माहीत असतं, पण केवड्याची बुरशी पानाच्या आत कशी शिरलेली असते हे त्यांनी कधी पाहिलेलं नसतं.

निधी मंजूर झाला. प्राचार्यांनी आम्हा दोघींचा पुष्पगुच्छ देऊन सत्कार केला आणि ग्रंथालयामागची एक खोली दिली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना स्पंज लावला, सूक्ष्मदर्शकाला जोडायचा कॅमेरा आला, दिवे आले. छाटणीनंतरच्या दिवसांत ती पिंपळगावहून केवडा पडलेली पानं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून डब्याच्या पिशवीतून आणायची. बसमध्ये शेजारची बाई विचारायची म्हणे, की ही कसली भाजी.

चित्रीकरणात आवाज माझा आणि हात तिचे. चेहरा दोघींचाही नाही. पडद्यावर फक्त दोन हात दिसायचे, हलू नये म्हणून पान बटाट्याच्या तुकड्याला पाडलेल्या खाचेत बसवताना, पातं पाण्यात बुडवताना, एका सरळ ओढीत काप घेताना. मी म्हणायचे, "पातं दाबू नका, ओढा," आणि हात तसंच करायचे. ते दिवस चांगले गेले. दुपारी त्या बंद खोलीत उकडायचं, पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद ठेवावा लागायचा. काप बिघडला की ती स्वतःवरच चिडायची, "परत घेऊ मॅडम, हा लय जाड झाला." एरवी तिच्या तोंडी गावाकडची भाषा यायची नाही, काप बिघडला की यायची.

व्हिडिओ चांगले झाले. दुसऱ्या गावांतल्या प्राध्यापकांचे निरोप यायला लागले. पुढच्या जूनमध्ये नव्या वर्षाचा कार्यभार ठरवायची बैठक झाली आणि तिथे मला कळलं की आमच्या विभागातले तासिका तत्त्वावरचे तास काढून टाकलेत. प्रात्यक्षिकाच्या दोन तुकड्या एकत्र करायच्या. मुलांनी व्हिडिओ आधी बघून यायचे, मग प्रयोगशाळेत एकच शिक्षक पुरे.

मी प्राचार्यांना भेटायला गेले. माणूस वाईट नव्हता. रिकाम्या जागा भरायला परवानगी मिळत नव्हती, संस्थेचे लोक खर्चावरून रोज टोचत होते, आणि मधल्या मध्ये ते सापडले होते. मला बसायला सांगून ते म्हणाले, "मॅडम, हे तुमच्यामुळेच शक्य झालं. बाकीच्या विभागांना मी तुमचं उदाहरण देतोय."

मी म्हटलं, सर, काप घेणं बघून येत नाही, शेजारी कुणीतरी बसून हात धरावा लागतो. ते म्हणाले, तुम्ही आहातच की. मग मी त्यांना हाताचं सांगितलं. टेबलावर ठेवून दाखवलाच. त्यांनी तो बघितला. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच काळजी होती.

"मग तर व्हिडिओ तुमच्यासाठीच वरदान आहेत," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्हाला आता काप घ्यायचीच गरज नाही. आणि हे आपल्या दोघांतच राहील, निश्चिंत राहा."

मी बाहेर आले तेव्हा त्यांनी माझ्यावर उपकार केलाय की माझं तोंड बंद केलंय, हे मला कळत नव्हतं. तिला मीच सांगितलं. ती म्हणाली, "अंदाज होता मॅडम. कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे देऊ?"

ते वर्ष वाईट गेलं. मुलं व्हिडिओ बघून यायची, काही न बघताच यायची. प्रयोगशाळेत पडद्यावर तिचे हात चालू असायचे आणि खाली तीस-चाळीस मुलं जाडजूड तुकडे कापत बसायची. मी बाकांमधून फिरायचे, तोंडाने सांगायचे. कुणी म्हणालं, "मॅडम, एकदा करून दाखवा ना," की मी पडद्याकडे बोट करायचे. उजवा हात मी अ‍ॅप्रनच्या खिशात ठेवायला शिकले होते. मुलं काही म्हणत नव्हती, पण त्यांनी विचारणं सोडून दिलं, आणि ते मला जास्त लागलं. घरी नवरा म्हणायचा, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत, निभावून ने. मी निभावत होते.

हिवाळ्यात आमच्याकडे एक दिवसाची कार्यशाळा ठरली. विषय अर्थातच डिजिटल साधनांतून प्रात्यक्षिकं, आणि मुख्य सादरीकरण माझं. मी मनाशी ठरवलं होतं की त्या व्यासपीठावर एक गोष्ट सांगायचीच. हे हात ज्या बाईचे आहेत तिला आम्ही घरी बसवलंय, आणि तेही याच व्हिडिओंचं कारण देऊन. घरी मी ती वाक्यं मोठ्याने म्हणूनही बघितली होती.

त्या दिवशी सकाळी नावनोंदणीच्या टेबलापाशी रांगेत ती उभी दिसली. गळ्यात सहभागींना देतात ते ओळखपत्र, हातात फाइल. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांसमोर तिला जवळ घेतलं. पोहे आणि चहा घेऊन आम्ही जिन्याखाली उभ्या राहिलो. मला काय बोलायचंय ते मी तिला सांगितलं.

तिने कप खाली ठेवला. "मॅडम, तसं करू नका."

मी म्हटलं, अगं, पण हे खरं आहे.

"खरं आहे म्हणूनच. मला आज फक्त सहभागाचं प्रमाणपत्र हवंय. मुलाखतीत त्याचा उपयोग होतो. उद्या इथे तास निघाले तर मी याच सरांसमोर बसणार आहे. तुमचं काय, तुम्ही पर्मनंट आहात. तुम्ही बोलाल आणि नाव माझं होईल."

मी कबूल केलं. तिचं नाव, तिचा विषय काढणार नाही, असं सांगितलं. ती सभागृहात मागच्या ओळीत जाऊन बसली.

सादरीकरण ठीक झालं. पडद्यावर तिचे हात मोठे होऊन दिसत होते, लोक कौतुकाने बघत होते. त्या हातांची मालकीण मागे बसून वहीत काहीतरी लिहीत होती. मग प्रश्न सुरू झाले. सुरगाण्याकडच्या एका महाविद्यालयातले एक तरुण प्राध्यापक उठले. त्यांनी साधाच प्रश्न विचारला. आमच्याकडे सूक्ष्मदर्शक कमी आहेत, शिक्षकही कमी आहेत, तर हे व्हिडिओ दाखवले की मुलांना काप घेता येईल का, तुमच्या मुलांना येतो का?

पहिल्या ओळीत प्राचार्य बसले होते, त्यांच्या शेजारी संस्थेचे पदाधिकारी. 'हो, चांगला प्रतिसाद आहे' एवढं म्हणून खाली बसता आलं असतं. पण त्या माणसाला खरंच जाणून घ्यायचं होतं. तो परत जाऊन माझं ऐकून त्याप्रमाणे करणार होता.

मी म्हणाले, "नाही, येत नाही. यंदा आमच्या मुलांचे काप आजवरचे सगळ्यात वाईट आहेत. व्हिडिओ शिक्षकाच्या जोडीला चालतो, शिक्षकाच्या जागी चालत नाही. आणि मीही त्यांना दाखवू शकत नाही, कारण माझा हात थरथरतो." माइक माझ्या उजव्या हातात होता. तो दिसण्याइतका हलत होता, आणि पहिल्यांदाच मी तो लपवला नाही.

मग सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडमनी जेवणाची वेळ झाल्याचं जाहीर केलं. मी तिला शोधलं तर ती प्रमाणपत्रांच्या टेबलापाशी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मान किंचित हलवली. त्यातून मला काही समजलं नाही. दुपारच्या सत्रात ती दिसली नाही.

प्राचार्य माझ्यावर रागावले नाहीत. पुढच्या आठवड्यात एक पत्र आलं की माझ्या तब्येतीचा विचार करून कक्षाची जबाबदारी दुसऱ्या सहकाऱ्याकडे देण्यात येत आहे. पाठोपाठ, त्याच तब्येतीच्या कारणाने, पुढच्या वर्षी प्रात्यक्षिकांसाठी काही तास तासिका तत्त्वावर भरायचे ठरले. ते कळल्यावर मी तिला लगेच फोन केला. तिला म्हटलं, बघ, बोलल्याचा उपयोग झाला. ती म्हणाली, येते मुलाखतीला.

मुलाखतीच्या समितीत विभागप्रमुख म्हणून मी असायला हवं होतं. पण यंदा नको, तुम्हाला दगदग नको, असा निरोप आला. मी स्टाफरूममध्ये बसून राहिले. खिडकीतून ती येताना दिसली, मोरपंखी साडी नेसलेली, आणि थोड्याच वेळात परत जाताना दिसली. वर आली नाही. निवड एका मुलाची झाली. नुकतीच पीएच.डी. झालेला, नम्र, हुशार, काहीही वावगं बोलता येणार नाही असा. त्याचं सगळं शिक्षण डीएनए तपासायच्या रेण्वीय तंत्रांत झालेलं, हाताने काप घ्यायची सवय नव्हती. पहिल्या आठवड्यात तो प्रयोगशाळेत एकटाच संगणकासमोर पातं घेऊन बसलेला मला दिसला. पुन्हा पुन्हा मागे नेऊन तो तेच बघत होता.

"मॅडम, हे कुणाचे हात आहेत? काय सफाई आहे," त्याने विचारलं.

मी त्याला सांगितलं. त्याच्या मुलाखतीच्या दिवशी ती बाहेर त्याच्याच शेजारच्या खुर्चीवर बसली असणार. त्याला ती आठवली. मग त्याने पातं डबीत ठेवून दिलं. त्या बिचाऱ्याला सांगायला नको होतं, असं मला नंतर वाटलं.

तिला मालेगावला काम मिळालं, तेही तासिका तत्त्वावरच. त्या वर्षाच्या शेवटी विद्यापीठाने तिथल्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून माझी नेमणूक केली. मी हायवेने बसने गेले. स्टँडवरून रिक्षा केली, कडेच्या गल्ल्यांतून यंत्रमागांचा खडखडाट सतत येत होता. प्रयोगशाळा लहान होती. ती अंतर्गत परीक्षक. मला बघून ती उठून उभी राहिली, पाणी दिलं, प्रवास कसा झाला विचारलं. सगळं रीतसर. मुलं-मुली काप घेत होती. बऱ्याच मुली बुरख्यात होत्या, बाह्या कोपरापर्यंत वर सरकवलेल्या. काप अगदी उत्तम नव्हते, पण त्यांची पात्यावरची बोटं तिच्यासारखी होती, अंगठा जरा मागे घेतलेला.

सकाळची तुकडी संपली. गुणांच्या तक्त्यावर सह्या करायला आम्ही बसलो. शिपाई चहा ठेवून गेला. मी विचारलं, रोज पिंपळगावहून येणं जमतं का. ती म्हणाली, जमवते, सकाळी लवकर निघावं लागतं, मुलीला सासूबाई बघतात. मग सही करता करता, वर न बघता म्हणाली, "मुलाखतीत सरांनी मला एकच प्रश्न विचारला, मॅडम. कार्यशाळेला तुम्ही आला होतात ना, असं. मी हो म्हटलं. मग म्हणाले, ठीक आहे, कळवतो."

मी म्हटलं, मी तुझं नाव घेतलं नव्हतं.

"नाही घेतलं. पण जिन्याखाली आपल्याला सगळ्यांनी बघितलं होतं." तिने पुढचा कागद ओढला. "मी खूपदा विचार केला. तुम्ही तेव्हा बोललात ते मुलांसाठी, माझ्यासाठी, की तुम्हाला स्वतःलाच ते सोसवत नव्हतं?"

मी खरं ते सांगितलं, की मला माहीत नाही. बोलताना त्या सुरगाण्याच्या माणसाशिवाय माझ्या डोळ्यांसमोर कुणी नव्हतं.

"तो प्रश्न विचारायलाच नको होता त्याने," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. दुपारची मुलं दारात जमायला लागली होती. आम्ही सह्या पूर्ण केल्या. चहा निवून गेला होता, तरी दोघींनी प्यायला.

व्हिडिओंवर तिचं नाव यावं म्हणून मी नव्या कक्षप्रमुखांना दोनदा लिहिलं. निधीच्या कागदपत्रांत तिचं नाव आहे, तरी व्हिडिओंवर महाविद्यालयाचंच नाव राहील असं उत्तर आलं. मी अजून लिहिते.

प्रयोगशाळेत आता मी हात खिशात ठेवत नाही. तो नवा मुलगा काप दाखवतो, दिवसेंदिवस बरा दाखवायला लागलाय. मी एकेका मुलाशेजारी स्टुलावर बसते. माझा हात थरथरतो हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्यांचा पहिला काप फाटला तर ती लाजत नाहीत. कधीकधी एखादी मुलगी माझ्या हातातलं पातं आपणहून घेते. अशा वेळी मला क्षणभर बरं वाटतं, मग दुसरंच काहीतरी आठवतं.

तिचा नंबर माझ्याकडे आहे. सणासुदीला मी फोन करते. ती उचलते, नीट बोलते, माझ्या गोळ्यांची चौकशी करते. स्वतःहून मात्र तिचा फोन अजून आलेला नाही.